घरातील घातक रसायने : वापरापासून विल्हेवाटीपर्यंत

प्रतिनिधी

न्हाणीघरातील फळी, स्वयंपाकघरातील सिंकखालचे कपाट आणि पोटमाळा. शहरातील कोणत्याही मध्यमवर्गीय घरात या तीन जागा तपासल्या, तर रासायनिक वस्तूंची लांबलचक यादी तयार होते. संडास धुण्याचे ॲसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर, तुंबलेली मोरी मोकळी करणारी पूड, झुरळांचा फवारा, उंदरांचे औषध, डांबरगोळ्या, रंगकामानंतर उरलेला रंग, थिनर, रिमोटमधून काढून ठेवलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे, जळून गेलेली ट्यूबलाइट. यातील प्रत्येक वस्तू दुकानात उघडपणे मिळते, म्हणून ती निर्धोक आहे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात यातील अनेक वस्तू कारखान्यात असत्या, तर त्यांच्या हाताळणीसाठी हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षित कामगार लागले असते. घरात मात्र हेच काम गृहिणी, घरकामाच्या बाई किंवा सोसायटीचा सफाई कामगार उघड्या हातांनी करतो.

या वस्तूंचा धोका तीन टप्प्यांवर असतो. पहिला वापरताना, दुसरा साठवताना आणि तिसरा टाकून देताना. पहिल्या दोन टप्प्यांवर झळ घरच्यांना लागते. तिसऱ्या टप्प्यावर ती कचरा उचलणाऱ्याच्या वाट्याला येते. घंटागाडीत वस्तू पडली की तिची आपली जबाबदारी संपली, ही समजूत म्हणूनच तपासून पाहणे आवश्यक आहे.

घातक कशाला म्हणावे?

ढोबळमानाने घरातील घातक वस्तूंचे चार प्रकार करता येतात. पेट घेणाऱ्या वस्तू (रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन, सॅनिटायझर, फवाऱ्याचे डबे), त्वचा व डोळे जाळणाऱ्या दाहक वस्तू (ॲसिड, कॉस्टिक सोडा), विषारी वस्तू (कीटकनाशके, उंदरांचे औषध, पारा) आणि दुसऱ्या पदार्थाच्या संपर्कात येताच तीव्र रासायनिक क्रिया करणाऱ्या वस्तू (ब्लीच, ब्लीचिंग पावडर). एकच वस्तू एकाहून अधिक प्रकारांत मोडू शकते.

ग्राहकाच्या हाती असलेले पहिले साधन म्हणजे वेष्टनावरील मजकूर. कीटकनाशकांच्या बाबतीत तर कायद्यानेच सोय करून ठेवली आहे. कीटकनाशक कायदा, १९६८ आणि त्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक वेष्टनावर चौकटीच्या आकाराचे रंगीत चिन्ह असते. लाल रंग म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे तुलनेने कमी विषारी. लाल चिन्हासोबत कवटी आणि हाडांचे चित्रही असते. विषबाधा झाल्यास दिसणारी लक्षणे व त्यावरील उतारा यांची माहिती त्याच वेष्टनावर किंवा आतील पत्रकात दिलेली असते. म्हणूनच मूळ वेष्टन फेकून देऊन औषध डब्यात भरून ठेवणे चुकीचे ठरते. प्रसंगी डॉक्टरांना लागणारी माहितीच आपण फेकून दिलेली असते.

दोन बाटल्या, एक वायू

घरगुती साफसफाईतील सर्वांत मोठा धोका कोणत्याही एका बाटलीत नसतो. तो दोन बाटल्या एकत्र करण्यात असतो. संडास स्वच्छ करण्याच्या बहुतेक द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. कपडे पांढरे करण्याच्या द्रवात सोडियम हायपोक्लोराइट, तर ब्लीचिंग पावडरमध्ये कॅल्शियम हायपोक्लोराइट असते. एकाने डाग गेला नाही म्हणून त्यावर दुसरे ओतले, की क्लोरिन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधील इप्र येथे शस्त्र म्हणून वापरला गेला, तो हाच वायू. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि लहान, बंद न्हाणीघरात वाकून फरशी घासणाऱ्या व्यक्तीच्या थेट नाकातोंडात जातो. डोळ्यांची आग, खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. दमेकऱ्यांना अल्प मात्राही सोसत नाही. फुप्फुसांत पाणी होण्याचा गंभीर परिणाम काही तासांनी दिसू शकतो. त्यामुळे सुरुवातीला बरे वाटले, तरी धाप लागत असल्यास रुग्णालय गाठावे.

ब्लीच आणि अमोनिया यांचे मिश्रणही तितकेच वाईट. त्यातून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. काच पुसण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस हीदेखील आम्लेच असल्याने ब्लीचसोबत त्यांचाही वापर टाळावा. नियम सोपा आहे: एका वेळी एकच द्रव, तो भरपूर पाण्याने धुऊन काढल्यानंतरच दुसरा. काम करताना खिडकी उघडी, दार उघडे आणि पंखा चालू असावा. घरकामाच्या बाईंच्या हाती दोन बाटल्या देताना ही सूचना तोंडी सांगावी. वेष्टनावरील बारीक अक्षरांतली आणि बहुतेक वेळा इंग्रजीतली सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

ॲसिड आणि मोरीची पूड

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत फरशीवरचे पांढरे डाग काढण्यासाठी सुटे ॲसिड आणण्याची पद्धत अजूनही दिसते. ते धोकादायक तर आहेच, शिवाय अनेकदा निरुपयोगीही आहे. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि संगमरवरही त्याच कुळातला. ॲसिड या दोन्ही दगडांना विरघळवते. डाग जातो, पण त्यासोबत फरशीचा पृष्ठभागही खरवडला जातो आणि पुढचा डाग अधिक खोल बसतो.

सुट्या ॲसिडच्या विक्रीवर कायद्याचे बंधन आहे. लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिलेल्या आदेशानुसार विक्रेत्याने खरेदीदाराची नोंदवही ठेवणे, छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहणे आणि खरेदीचे कारण लिहून घेणे बंधनकारक आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीस ॲसिड विकता येत नाही. दारावर येऊन, लेबल नसलेल्या बाटलीतून ॲसिड विकणारा या साऱ्याला फाटा देत असतो.

ॲसिड पातळ करण्याची वेळ आलीच, तर पाण्यात थोडे थोडे ॲसिड सोडावे. ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नये. उलट क्रमाने केल्यास उष्णतेमुळे द्रव उसळून अंगावर येतो.

तुंबलेल्या मोरीसाठी मिळणाऱ्या पुडीत प्रामुख्याने कॉस्टिक सोडा असतो. पाण्याशी संपर्क येताच तो प्रचंड तापतो. वरून कढत पाणी ओतल्यास ते उसळून डोळ्यांत जाण्याची भीती असते आणि डोळ्यांसाठी अल्कली ॲसिडपेक्षाही घातक ठरते. कारण ती आत आत झिरपत जाते. ॲल्युमिनियमशी कॉस्टिक सोड्याचा संयोग झाला की ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ॲल्युमिनियमच्या भांड्यात ही पूड कालवू नये. पूड टाकून मोरी मोकळी झाली नाही, तर त्यावर ॲसिड ओतण्याचा मोह टाळावा. रबरी पंप किंवा लवचीक तार ही जुनी साधने संथ असली तरी निर्धोक आहेत. प्लंबरला बोलावल्यास आधी काय ओतले आहे, हे त्याला सांगणे विसरू नये.

झुरळ, ढेकूण आणि उंदीर

घरातील सर्वाधिक विषारी वस्तू बहुधा कीटकांसाठी आणलेल्या असतात. त्यातही धान्याला कीड लागू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या विशेष घातक आहेत. हवेतील ओलाव्याशी संपर्क येताच त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमची एक गोळी सुमारे १ ग्रॅम वायू सोडते. या विषावर उतारा नाही. तो हृदय आणि रक्ताभिसरणावर आघात करतो. नियमांनुसार या गोळ्या केवळ सरकारी संस्था आणि परवानाधारक कीटकनियंत्रकांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात. सर्वसामान्य ग्राहकाला त्या विकताच येत नाहीत. तरीही गावाकडच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या धान्याच्या कोठीत टाकल्या जातात, तर कधी ढेकणांवर उपाय म्हणून त्या फ्लॅटमध्ये ठेवल्या जातात. शहरातील इमारतींत भिंतींतील फटी आणि पाइपांच्या वाटा यांतून हा वायू शेजारच्या घरातही पोहोचू शकतो. लसणासारखा किंवा सडक्या माशांसारखा वास आला, तर घर तत्काळ रिकामे करणे हाच मार्ग आहे. घरच्या धान्यासाठी कडक ऊन, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाचा डबा पुरेसा आहे.

उंदरांसाठीच्या काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. टोमॅटो, पाव किंवा भज्यावर हे मलम लावून ठेवण्याची पद्धत आहे. नेमका तोच तुकडा मुलाच्या किंवा घाईत स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती लागण्याचा धोका असतो. याही विषावर उतारा नाही. पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस बरे वाटते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. मधल्या काळातील बरे वाटणे फसवे असते, ही गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे. उंदरांसाठी पिंजरा हाच घरातला सुरक्षित उपाय आहे.

कीटकनियंत्रण करून घेताना परवाना विचारावा, कोणते रसायन वापरले हे पावतीवर लिहून घ्यावे आणि घरात परत कधी यायचे ते विचारून घ्यावे. फेरीवाल्यांकडे मिळणारे कीटकनाशक खडू घेऊ नयेत. लहान मूल तो खडू पाटीवरचा समजून तोंडात घालू शकते. फवाऱ्याचा डबा गॅसच्या शेगडीजवळ वापरू नये. त्यातील दाबाखालचा वायू ज्वलनशील असतो.

ओळखीच्या वस्तू, अनोळखी धोके

काही वस्तू इतक्या परिचयाच्या आहेत, की त्यांचा संशय येत नाही. कपड्यांतील डांबरगोळ्यांचेच पाहा. त्यांतील नॅफ्थलीन काही व्यक्तींच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना हा धोका अधिक असतो आणि आपल्याला ही कमतरता आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. वर्षभर डांबरगोळ्यांत राहिलेली जुनी दुपटी आणि झबली नवजात बाळाला तशीच गुंडाळली, तर बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. असे कपडे आधी धुऊन, उन्हात चांगले वाळवून मगच वापरावेत.

देवघरातील कापूरही असाच. त्याच्या वड्या खडीसाखरेसारख्या दिसतात. लहान मुलाने कापूर गिळल्यास काही मिनिटांतच झटके येऊ शकतात. सर्दीसाठी कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधण्याची चाल म्हणूनच टाळावी.

रॉकेलचा वापर शहरांत आता कमी झाला आहे. मात्र रंगकाम, स्वच्छता किंवा गावच्या घरासाठी ते कुठेतरी ठेवलेले असते आणि बहुधा पाण्याच्या बाटलीतच असते. रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करवणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. रॉकेल पोटात असताना जेवढे घातक नसते, त्याहून कितीतरी अधिक ते उलटीवाटे श्वासनलिकेत शिरल्यावर होते. त्यातून न्यूमोनिया होतो.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. हा गॅसही हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. वास आल्यास दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळी ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करून, खिडक्या-दारे उघडून बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडर घेताना वरच्या कड्याजवळील पट्टीवर लिहिलेले अक्षर व वर्ष पाहावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सिलिंडरच्या चाचणीची मुदत तेव्हा संपते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

फुटलेला थर्मामीटर

ताप मोजण्याच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. तो गिळला गेल्यास आतड्यांत फारसा शोषला जात नाही. खरा धोका त्याच्या वाफेचा आहे. साध्या तपमानालाही पाऱ्याची वाफ होते, तिला वास नसतो आणि ती श्वासावाटे मेंदू व मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते. जपानमधील मिनामाटा येथे पाऱ्याच्या प्रदूषणातून झालेल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. त्या गावाचेच नाव पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला देण्यात आले. भारताने या कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ मध्ये बंद पडला.

थर्मामीटर फुटल्यास मुलांना खोलीबाहेर काढावे, खिडक्या उघडाव्यात, आतल्या खोल्यांची दारे लावावीत. हातातील अंगठी व बांगड्या आधी उतरवाव्यात. पारा सोन्याला चिकटून दागिना खराब करतो. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. केरसुणीने थेंबांचे आणखी बारीक थेंब होतात आणि व्हॅक्यूम क्लीनर वाफ घरभर पसरवतो. हातमोजे घालून, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र आणावेत, ड्रॉपरने उचलावेत, उरलेले बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सारे काही झाकणाच्या बाटलीत बंद करून वर ‘पारा’ असे लिहावे. पारा मोरीत सोडू नये. सीएफएल दिवे आणि ट्यूबलाइटमध्येही काही मिलिग्रॅम पारा असतो. दिवा फुटल्यास १०-१५ मिनिटे खोली मोकळी ठेवावी आणि नंतर वरीलप्रमाणेच तुकडे उचलावेत.

बॅटऱ्या आणि जुना रंग

रिमोट, घड्याळे, खेळणी यांतील नाण्याच्या आकाराची चपटी बॅटरी मुलाने गिळली, तर ती अन्ननलिकेत अडकून अवघ्या दोन तासांत खोल जखम करू शकते. वेदना होवोत वा न होवोत, अशा वेळी तत्काळ रुग्णालयात नेऊन एक्स-रे काढणे आवश्यक आहे. फुगलेली मोबाइलची बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये. लिथियम बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. टाकण्यापूर्वी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असते आणि चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी; तिच्याजवळ देवाचा दिवा किंवा उदबत्ती नको. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याला परत द्यावी. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. याचा अर्थ असा, की त्यापूर्वी रंगवलेल्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे अधिक असू शकते. जुना रंग कोरडा घासल्यास शिशाची धूळ घरभर पसरते आणि रांगणाऱ्या मुलांच्या हातांवाटे ती पोटात जाते. म्हणून रंग ओला करून खरवडावा आणि त्या काळात मुले व गर्भवती स्त्रिया यांनी त्या घरात राहू नये.

साठवणुकीची शिस्त

साठवणुकीचा पहिला नियम म्हणजे मूळ बाटली आणि मूळ लेबल. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल, ॲसिड, रॉकेल भरून ठेवणे हे मुलांच्या विषबाधेचे मोठे कारण आहे. लहान मूल लेबल वाचत नाही, ते बाटली ओळखते. दुसरा नियम उंचीचा. सिंकखालचे कपाट सोयीचे असले तरी रांगणाऱ्या मुलाच्या नेमके हाताशी येते. ही रसायने वरच्या, कुलूप लावता येणाऱ्या कपाटात ठेवावीत. घर लहान असल्यास झाकणाचा एक डबा वर ठेवला तरी चालतो. तिसरा नियम वेगळेपणाचा. ॲसिड आणि ब्लीच शेजारी नकोत, थिनर आणि गॅस एका खोलीत नकोत, कीटकनाशक आणि धान्य एका फळीवर नकोत. चौथा नियम खरेदीचा. लागेल तेवढेच आणावे. स्वस्त पडतो म्हणून घेतलेला मोठा कॅन पुढे वर्षानुवर्षे पडून राहतो आणि शेवटी तोच टाकायचा कसा, हा प्रश्न उभा राहतो.

टाकायचे कुठे?

यातील बरेचसे पदार्थ मोरीत ओतून मोकळे होण्याची सवय आपल्याला आहे. मात्र मोठ्या सोसायट्यांतील सांडपाणी प्रक्रिया संयंत्रे आणि छोट्या इमारतींच्या सेप्टिक टाक्या जिवाणूंच्या बळावर चालतात. ॲसिड, कीटकनाशक किंवा थिनर ओतल्यास हे जिवाणूच मरतात. उरलेले रसायन नाल्यातून नदीत किंवा खाडीत जाते.

केंद्र सरकारच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी एप्रिल २०१६ मध्ये ‘घरगुती घातक कचरा’ हा वेगळा वर्ग प्रथमच स्पष्ट केला. रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल व ट्यूबलाइट, मुदतबाह्य औषधे, फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया व सिरिंज यांचा त्यात समावेश होता. हा कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारावे, असे बंधन स्थानिक संस्थांवर होते. या नियमांची जागा घेणारे नवे नियम जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यांत ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे कचऱ्याचे चार भाग आहेत. मुंबई महापालिकेने सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा वेगळा गोळा करण्याची सेवा मे २०२५ मध्ये सुरू केली. सोसायट्यांनी त्यासाठी नोंदणी करायची असते. अन्य शहरांतील नागरिकांनी आपल्या प्रभाग कार्यालयाच्या घनकचरा विभागाकडे हा कचरा कोठे द्यायचा, याची लेखी विचारणा करावी. मागणी नोंदवली गेल्याशिवाय केंद्रे उघडत नाहीत, असाच आजवरचा अनुभव आहे. राज्यात तळोजा आणि रांजणगाव येथे घातक कचऱ्यावर शास्त्रशुद्ध प्रक्रिया करणारी केंद्रे आहेत. घराघरांतील बाटल्या तिथवर पोहोचवणारी साखळी ही खरी अडचण आहे.

तोपर्यंत सोसायटीच्या पातळीवर एक कुलूपबंद पेटी ठेवून बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि रिकामे डबे साठवता येतात आणि ठरावीक काळाने एकत्र देता येतात. थोडा उरलेला पाण्याचा रंग झाकण उघडे ठेवून, त्यात माती किंवा लाकडाचा भुसा मिसळून वाळवावा आणि मग द्यावा. अर्धवट भरलेले फवाऱ्याचे डबे टोचू वा जाळू नयेत. कीटकनाशकाची रिकामी बाटली धुऊन घरात वापरू नये. ती निरुपयोगी करून, झाकण लावून वेगळी द्यावी. चांगल्या स्थितीतील रंग किंवा साफसफाईचे द्रव मूळ वेष्टनासह गरजूला देणे हा सर्वांत उत्तम मार्ग.

औषधांबाबत केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. गैरवापर झाल्यास जीवघेणी ठरणारी ट्रॅमाडॉल, फेंटानिलसारखी १७ औषधे शौचकुपात टाकून पाणी सोडण्यास त्यांत सांगितले आहे. ही यादी म्हणजे अपवाद आहे. प्रतिजैविके आणि इतर गोळ्या पाण्यात सोडू नयेत, कारण त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू वाढण्यास मदत होते. अशी औषधे पाकिटासह वेगळी बांधून विशेष कचऱ्यात द्यावीत. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, झाकणाच्या डब्यात जमवाव्यात आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ असे लिहावे.

त्या हातांचा विचार

पुण्यात कचरा वेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली आणि त्यातूनच उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही मोहीम पुण्यात याच कष्टकऱ्यांसाठी राबवली गेली. उघडून न पाहता ती पुडी बाजूला ठेवता यावी, एवढाच त्या ठिपक्याचा अर्थ. हीच युक्ती घातक कचऱ्यालाही लागू पडते. कचरा वेचणारी स्त्री काळ्या पिशवीत हात घालते, तेव्हा आत फुटकी ट्यूबलाइट आहे, सुई आहे की ॲसिडची उघडी बाटली, हे तिला ठाऊक नसते. काच जाड कागदात गुंडाळून वर लिहिणे, बाटलीचे झाकण घट्ट लावणे आणि सुया सुट्या न टाकणे या तीन गोष्टींना एक पैचाही खर्च नाही. त्या न केल्यास होणाऱ्या जखमेचा, जंतुसंसर्गाचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च मात्र तिच्याच अंगावर पडतो.

अपघात घडल्यास

- विष पोटात गेल्यास उलटी करवू नये. मिठाचे पाणी, लिंबू, ताक असे घरगुती उपाय करू नयेत. तोंड पाण्याने धुवावे.
- बाटली, वेष्टन किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत घेऊनच रुग्णालयात जावे. काय, किती आणि केव्हा घेतले, हे डॉक्टरांना सांगावे.
- डोळ्यांत रसायन गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळे उघडे ठेवून धुवावेत. आधी धुणे, मग डॉक्टर.
- त्वचेवर सांडल्यास भिजलेले कपडे काढून भरपूर पाणी ओतावे. ॲसिडवर सोडा किंवा अल्कलीवर लिंबू चोळू नये. त्या क्रियेतून उष्णता निर्माण होऊन भाजण्याची भर पडते.
- वायूचा त्रास झाल्यास व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे. स्वतः श्वास रोखूनही वायू भरलेल्या बंद खोलीत शिरू नये. अग्निशमन दलास १०१ वर कळवावे.
- नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. तेथे १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. राज्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. हे क्रमांक फ्रिजच्या दारावर लावून ठेवावेत.

येत्या रविवारी तासभर वेळ काढून सिंकखालचे कपाट रिकामे करावे. लेबल नसलेल्या बाटल्या वेगळ्या काढाव्यात, त्या हुंगून ओळखण्याचा प्रयत्न करू नये आणि झाकण घट्ट लावून त्यावर ‘घातक’ असे लिहावे. उरलेल्या वस्तू वरच्या फळीवर हलवाव्यात. पुढच्या महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत यातील किती वस्तू खरोखर हव्या आहेत, याचाही विचार त्याच वेळी करावा. घरात न आणलेली बाटली सांभाळावी लागत नाही आणि ती टाकायची कुठे, हा प्रश्नही पडत नाही.